तिवराचा ओटा

मिस्त्रीच्या मनात पाल चुकचुकली ती एका पिवळ्या पानावरून.

सकाळचा चहा घेऊन तो नेहमीसारखा मागच्या दारी ओट्यावर येऊन बसला होता. वरून पान गळलं ते थेट बशीत. पान गळणं म्हणजे काही आक्रीत नव्हे. पण त्यानं मान वर करून पाहिलं, तर खाडीकडची अख्खी फांदी पिवळी पडलेली. तिच्या शेजारची निम्मी. काठानं उभी असलेली बाकीची रांग मात्र हिरवीगार, न्हाऊमाखू घातल्यासारखी. सगळ्या रांगेत नेमकं हेच झाड. तिचं झाड.

तशी रांगेतली सगळीच तिवरं त्याच्या बायकोनं लावलेली. पण हे पहिलं, लेक शाळेत जायला लागली त्या सुमाराचं. तेव्हा खाडीचं पाणी दर मोठ्या भरतीला परसाचा एक घास घ्यायचं. मिस्त्री हाडाचा गवंडी. त्यानं बांधलेल्या भिंतीला तडा गेला असं कुणी दाखवून द्यावं. पण स्वतःच्या परसाची भिंत काही त्याला टिकवता आली नाही. तो बांधायचा, खाडी पायथ्यातून माती ओढून न्यायची आणि भिंत म्हातारीच्या दातासारखी पुढे झुकायची. शेवटी बायकोनं भरतीबरोबर पायरीला लागलेलं तिवराचं बियाणं वेचलं. हे बी मोठं गमतीचं. झाडावर लटकत असतानाच आतून रुजतं आणि खाली पडतं ते अर्धं रोप होऊनच. ती म्हणायची, "पोराला पाण्यात सोडायच्या आधी पोहायला शिकवतात ही झाडं." एकेक बी तिनं हातानं चिखलात टोचलं. मिस्त्री हसला होता. पुढे झाडं वाढली, गाळ त्यांच्या पायाशी थांबायला लागला आणि परस खचायचं बंद झालं. मग घरात कधी वाद झाला की तिचं एकच वाक्य ठरलेलं असे. "तुमची भिंत कुठाय आणि माझी कुठाय?"

ती जाऊन आता वर्ष होत आलं होतं. ती गेल्यावर मिस्त्रीला आपल्या हातांचं काय करावं तेच कळेना. लोक येऊन बसायचे, उठून जायचे. मग एके दिवशी त्यानं घमेलं आणि थापी बाहेर काढली आणि तिच्या झाडाभोवती ओटा बांधायला घेतला. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं उभी केली, पण तिच्यासाठी म्हणून काही बांधलेलं त्याला आठवेना. तिवराच्या भोवती चिखलातून बोटाएवढ्या खुंट्या वर आलेल्या असतात, बसायला जागा म्हणून नाही. त्या त्यानं कोयत्यानं छाटल्या, वर भर टाकली, चोपून घट्ट केली, चारी बाजूंनी घडीव दगड लावले आणि वर फरशी अशी बसवली की सांध्यातून मुंगी जाऊ नये. दोन माणसं ऐसपैस बसतील एवढा ओटा झाला. त्यावर तो एकटा बसायचा.

त्या खुंट्यांना ती नाकं म्हणायची. मिस्त्रीनं परसात पाऊल टाकलं की आतून आवाज यायचा, "अहो, नाकं तुडवू नका." तो म्हणायचा, तुझ्या झाडाचं नाक वेगळं, तुझं नाक वेगळं, माणसानं पाय ठेवायचा तरी कुठं? एवढ्यावर तो विषय संपायचा. कुणी मांजराला नाव देतं, हिनं खुंट्यांना दिलं, असं त्यानं धरून चाललं होतं.

आता हे झाड वाळलं तर कुणाचं भलं होणार, हे ठरवायला मिस्त्रीला त्या दिवशी दुसरा चहाही लागला नाही. कुंपणापलीकडे डिझेल राहत होता. होड्यांची इंजिनं दुरुस्त करता करता अंगाला कायमचा वास लागला आणि लोक त्याचं खरं नाव विसरून गेले. एका पायाची करंगळी त्यानं कधीकाळी होडीच्या पंख्याला देऊन टाकलेली, म्हणून चालताना जरासा एका अंगावर झुकायचा. तिवरांपाशी गाळ साचला तशी त्याच्या धक्क्याकडे येणारी पाण्याची वाट उथळ झाली. होड्या भरतीची वाट बघत ताटकळायला लागल्या. त्यावरून एकदा कुंपणाशी जुंपली. डिझेल म्हणाला होता, "वहिनी, खाडी काय माहेरून आणलीत?" ती म्हणाली, "खाडी नाही आणली, पण परस माझं आहे. ते तुझ्या होड्यांना खायला घालणार नाही."

त्या दिवसापासून मिस्त्रीनं डिझेलशी बोलणं टाकलं. बायकोच्या बाजूनं उभं राहायचं म्हणून टाकलं आणि मग वर्षानुवर्षं टाकलेलंच राहिलं. पुढे डिझेलनं आपला धक्का उचलून पलीकडच्या अंगाला नेला, तेव्हा मिस्त्री मनात म्हणाला, बरी जिरली. ती गेली त्या दिवशी डिझेल सगळ्यांच्या आधी आला होता आणि सगळ्यांच्या शेवटी गेला होता. तेव्हाही मिस्त्री त्याच्याशी बोलला नाही.

संशय एकदा घरात शिरला की पाहुण्यासारखा बसत नाही, मालकासारखा फिरतो. मिस्त्री रोज झाड तपासायला लागला. एका सकाळी पान उलटं करून बघतो तर खालच्या अंगाला पांढरे कण. त्यानं बोट फिरवलं, जिभेला लावलं. मीठ. नुसतं मीठ. म्हणजे कुणीतरी झाडावर मिठाचं पाणी मारतंय. मुळाशी मीठ घालून लोक झाडं मारतात हे त्यानं ऐकलेलं होतं. त्यानं ते पान फडक्यात बांधून ठेवलं, पुरावा म्हणून.

त्याच आठवड्यात लेक भेटायला आली. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, दवाखान्यात नर्स होती. आई गेल्यापासून तिचा एकच धोशा होता, बाबा, आता माझ्याकडे चला. मिस्त्रीनं फडकं सोडून पान तिच्या पुढे ठेवलं. तिनं पान उचललं आणि सरळ चाटलं. मग हसली. म्हणाली, लहानपणी आई हेच तर चाटायला द्यायची. तिवर खारं पाणी पितं आणि नको असलेलं मीठ पानातून बाहेर टाकतं. रांगेतल्या कुठल्याही झाडाचं पान बघा. मिस्त्रीनं बघितलं. हिरव्यागार झाडांच्या पानांनाही तेच कण होते.

पुराव्याची ही गत झाली तरी त्याचं समाधान होईना. कारण पान खाली ठेवून लेकीनं ओट्याकडे पाहिलं होतं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं आणि मिटलं होतं. "काय गं?" असं त्यानं विचारलं, तर म्हणाली काही नाही. आणि दुपारी तो डोळा लागून उठला तेव्हा ती कुंपणाशी डिझेलबरोबर बोलत उभी. मिस्त्रीची चाहूल लागताच दोघंही गप्प. डिझेल पान्यानं उगीच कुंपणाची तार ठोकायला लागला.

कुठंतरी पाणी मुरत होतं. आणि भिंतीत पाणी कुठून मुरतं हे शोधण्यात मिस्त्रीचा जन्म गेला होता.

त्यानं एकास एक जोडून बघितलं. झाड वाळलं तर डिझेलची जुनी वाट पुन्हा मोकळी होणार, हे एक. झाड वाळलं तर बाप कशाला बांधून राहील, निमूट आपल्याकडे येईल, हे दुसरं. पोटची पोर. हा विचार मनात आला तेव्हा त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून विचार गेला नाही.

लेक परत गेली आणि मिस्त्रीला ओट्याला पहिलं भोक सापडलं. पाण्याच्या बाजूला, अगदी खाली, दोन दगडांच्या सांध्यातलं सिमेंट कुणीतरी टोकरून काढलेलं. दोन बोटं आत जातील एवढं. त्यानं वाकून वास घेतला. कुजक्या अंड्यासारखा उग्र वास आला. विष म्हणजे असंच वास मारणार, त्यानं ठरवून टाकलं. त्यानं सिमेंट कालवलं, नेहमीपेक्षा कडक, आणि भोक ठासून बुजवलं. तो बाजारात जाऊन आला की दुसरीकडे भोक. तेही बुजवलं. पुन्हा तिसरीकडे. समोरचा फोडायचा, हा भरायचा. दोघांनी एकमेकांना पाहिलं नाही, पण रोजचं काम वाटून घेतल्यासारखं चाललं होतं. एकदा तर मिस्त्रीला त्याच्या फोडण्यातला ढिसाळपणा बघून रागापेक्षा कीवच आली. छिन्नी अशी धरतात होय?

झाड मात्र थांबायला तयार नव्हतं. आता वरचा शेंडाही उघडा पडायला लागला. सकाळी ओट्यावर पानांचा थर साचलेला असायचा आणि मिस्त्री तो झाडायचा नाही. बाजूला सारून बसायचा. हे झाड गेलं की त्या परसात तिचं म्हणून काय उरणार, हा विचार तो पूर्ण करायचा नाही. मध्येच उठायचा.

चोर पकडायचा तर रंगेहाथ. त्यानं लेकीला फोन लावला आणि कुंपणापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, आज तुझ्याकडे येतो, उद्या दुपारपर्यंत राहतो. मग त्यानं सिमेंट पातळ कालवलं आणि ओट्याच्या पाण्याकडच्या कडेला, खाली पायथ्याच्या पुढे आलेल्या दगडापासून वर फरशीपर्यंत, हलक्या हातानं लेप दिला. खाडीचा गाळ आणि ओलं सिमेंट रंगानं भाऊ-भाऊ. सांध्याशी यायचं तर पायथ्याच्या त्या दगडावर पाय द्यायलाच लागणार. लेप देता देता उरलीसुरली भोकंही बंद झाली. पिशवी खांद्याला लावून तो समोरच्या दारानं, सगळ्यांना दिसेल असा गेला.

लेकीकडे त्याला घास गोड लागेना. जावई भला माणूस, गप्पा मारत होता, मिस्त्री हं हं करत होता. लेकीनं विचारलं, "ओट्यावर बसता का अजून?" त्यानं तिच्याकडे निरखून पाहिलं. साधाच प्रश्न होता. पण त्याला त्यात साधं काही दिसेना. "बसतो," तो म्हणाला. "का, बसू नको?" तिनं त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला तो कुलूप उघडायलाही थांबला नाही. बोळातून सरळ मागे गेला. ओहोटी लागली होती, चिखल उघडा पडला होता. आणि पायथ्याच्या दगडावर, मधोमध, पावलाचा ठसा होता.

निसटता नाही, घसरलेला नाही. चांगला दाबून, टाचेपासून बोटांपर्यंत स्पष्ट उमटलेला. एखाद्यानं सहीऐवजी अंगठा द्यावा तसा. आणि बोटं चार.

मिस्त्री कुंपणाची तार वाकवून पलीकडे गेला. कित्येक वर्षांत त्यानं त्या अंगणात पाय टाकला नव्हता. डिझेल एका फटफटत्या इंजिनापाशी बसला होता, कोपरापर्यंत काळा.

"तो पाय कुणाचा?"

डिझेलनं मान वर केली नाही. "बोटं मोजलीस ना? मग विचारतोस कशाला."

"म्हणजे कबूल."

"कबूल काय, चांगला ठसा देऊन आलोय. ओलं सिमेंट मला ओळखता येत नाही होय रे, मिस्त्री? मुद्दाम दाबून उभा राहिलो. म्हटलं, आता तरी भांडायला येईल. बोलत नाहीस ते नाहीस, निदान भांड तरी."

मिस्त्री इंजिनाजवळ आला. "माझ्या झाडाला काय घालत होतास?"

"वारा," डिझेल म्हणाला.

मिस्त्रीला वाटलं, हा आपली टर उडवतोय. पण डिझेलनं पाना खाली ठेवला, हात चिंधीला पुसले आणि समोरच्या इंजिनाच्या हवेच्या नळीवर तळवा दाबून धरला. इंजिनानं दोन आचके दिले आणि ते बंद पडलं.

"हे एवढंच मला कळतं," तो म्हणाला. "बाकी सगळं वहिनींचं. चिखलात वारा नसतो. म्हणून तिवराची मुळं नाक वर काढतात. त्या खुंट्यांना बारीक बारीक भोकं असतात, ओहोटीला त्यातून झाड श्वास घेतं आणि भरतीला धरून ठेवतं. नाकं तुडवू नका, असं माझ्यावरही खेकसायच्या. तू ती छाटलीस, वर दगड रचलेस. मी एकेक भोक पाडत होतो, तू एकेक बुजवत होतास. तुझं सिमेंट चांगलं, माझी छिन्नी भिकार. जिंकणार कोण?"

नाकं. इतक्या वर्षांत हा शब्द तिनं किती वेळा उच्चारला असेल. मिस्त्रीला तो प्रत्येक वेळी हसून सोडून दिलेला आठवला. खाली बसायला काही मिळतं का बघत तो इंजिनाच्या खोक्यावर बसला. तरी संशयाचं एक मूळ अजून आत होतंच.

"ती तुझ्याशी बोलत नव्हती," तो म्हणाला.

"तू बोलत नव्हतास. आमचं मी धक्का सरकवला तेव्हाच मिटलं. पाणी कुठं खोल आहे ते वहिनींनीच दाखवलं. तू कामावर गेलास की कुंपणाशी चहा व्हायचा आमचा."

"मग मला का नाही सांगितलं तिनं?"

डिझेल हसला. पण हसणं मध्येच थांबलं. "मीही विचारलं होतं. तर म्हणाल्या, माझ्या बाजूनं इतक्या हट्टानं उभे आहेत, आता बसा म्हणून कसं सांगू?"

मिस्त्रीनं तोंड फिरवलं. तो खाडीकडे बघत बसला. डिझेलच पुढे सांगत राहिला. आजारपणात ती कुंपणाशी खुर्ची टाकून बसायची, तेव्हाचं. तिनं त्याला बजावलं होतं की मी गेले की ह्यांचे हात शिवशिवतील, काहीतरी बांधायला काढतील. घरात बांधलं तर बांधू दे. झाडापाशी गेले तर आवर.

"मग आवरलं का नाहीस?"

"तू रडत बांधत होतास," डिझेल म्हणाला. "दगड लावत होतास आणि रडत होतास. तिथं येऊन काय सांगू, फोड म्हणून? तुझ्या लेकीलाही तेच झालं. परवा मला म्हणाली, काका, माझ्या जिभेवर येतं आणि परत जातं. तुम्हीच बघा काय जमतं ते."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे त्याच्या दुःखाला जपत होते आणि तिकडे झाड गुदमरत होतं. आणि त्यानं कुणाकुणावर संशय घेतला नाही? पोटच्या पोरीवरही. फक्त एका माणसाकडे त्याचं बोट वळलं नव्हतं, थापी ज्याच्या हातात होती त्याच्याकडे.

तो उठला, घरात गेला आणि पहार घेऊन आला. मागोमाग डिझेल आपली भिकार छिन्नी घेऊन आला. मिस्त्रीनं ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि आपली दिली. कुठला दगड हलवला की बाकीचे सुटतील हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. तरी ओटा सहजासहजी सुटेना. त्यानं तो पक्का बांधला होता. फरशीचा पहिला तुकडा उचलला तेव्हा तो कुजका वास भपकन अंगावर आला आणि मिस्त्री क्षणभर मागे झाला.

भर उपसली. खाली छाटलेल्या खुंट्या काळ्या पडल्या होत्या, बोटानं दाबलं की लगदा. पण त्यांच्या शेजारून नवीन नाकं निघाली होती. पांढुरकी, कोवळी, सुतळीएवढी. वर यायला निघालेली आणि दगडाला टेकून आडवी वळलेली. सांध्यासांध्याशी जाऊन, कुठं फट आहे का ते चाचपत. एक तर डिझेलनं पाडलेल्या भोकापर्यंत पोचलं होतं आणि मिस्त्रीच्या सिमेंटमध्ये त्याचं टोक गच्च रुतून बसलं होतं. ते सोडवायला त्यानं छिन्नी वापरली नाही. सिमेंट नखानं भुगा करत तो बसून राहिला. भरतीचं पाणी पायापर्यंत आलं तेव्हा कुठं ते टोक मोकळं झालं.

दगड त्यांनी दोघांनी मिळून घराच्या भिंतीशी नेऊन ठेवले. ठशाचा दगड मिस्त्रीनं वेगळा ठेवला. डिझेल म्हणाला, बसायचंच असेल तर माझ्याकडे जुन्या होडीच्या फळ्या आहेत. चार खांब रोवू, वर फळी टाकू, खालून पाणी जाईल, वारा जाईल. मिस्त्रीनं खांब कुठं रोवायचे ते विचारलं, कारण आता त्याला कुठंही पाय ठेवायची भीती वाटत होती. मग त्यानं वर पाहिलं. शेंडा उघडाच होता.

"जगेल?"

"मला काय माहीत. त्या असत्या तर सांगितलं असतं."

पाणी हळूहळू त्या पांढऱ्या टोकांवर चढत होतं. दोघंही चिखलात पाय आवरून उभे राहिले, नाकं चुकवून. मिस्त्रीला लेकीला फोन करायचा होता. ओट्यावर बसत नाही आता, एवढंच सांगायचं होतं. पण त्याच्या आधी एक गोष्ट विचारल्याशिवाय त्याला राहवेना. इतकी वर्षं कुंपणाशी चहा झाला, म्हणजे नुसतं झाडांचंच बोलणं तर झालं नसेल.

"आणखी काय म्हणायची ती?"

डिझेलनं त्याच्याकडे तिरक्या नजरेनं पाहिलं. "सगळं सांगतो," तो म्हणाला. "पण रोज थोडं थोडं. एकदम सांगितलं तर तू परत बोलणं टाकशील."